पाण्याचे कारुण्य आणि पाण्याचा हिशेब

मराठी ग्रामीण वाङ्मयाचा विचार करू लागले म्हणजे दुष्काळाचा प्रसंग हटकून पुढे उभा राहतो. आटलेली विहीर, भेगाळलेली जमीन, दावणीस खंगत चाललेले जनावर आणि आभाळाकडे लागलेले म्हाताऱ्याचे डोळे, ही चित्रे आपल्या कथा-कादंबऱ्यांतून इतक्या वेळा आणि कित्येकदा इतक्या सामर्थ्याने येऊन गेली आहेत की, ज्या वाचकाने कोरडवाहू मुलूख कधी पाहिलाही नाही त्यालाही तो आपल्या परिचयाचा वाटावा. हे आपल्या साहित्याचे मोठे यश आहे, आणि त्याविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. तथापि गेली तीसएक वर्षे शाळेत मराठी शिकवीत असताना एक प्रश्न आमच्या मनात हळूहळू घर करून राहिला आहे. पाऊस न पडण्याचे दुःख आपल्या लेखकांनी जितके जाणले, तितके पाणी अडविण्याचे, आणण्याचे आणि वाटण्याचे काम त्यांनी जाणले काय?

हा प्रश्न वरवर पाहता वाङ्मयबाह्य वाटेल. परंतु दख्खनच्या या अवर्षणग्रस्त पट्ट्यात दीडशे वर्षे तलाव, धरणे, कालवे आणि उपसा योजना यांवर पैसा खर्च होत आला आहे. तो पैसा सरकारचा म्हणजे करदात्याचा, कर्जरोखे घेणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराचा, आणि ज्यांची घरे-शेते पाण्याखाली गेली त्यांच्या त्यागाचाही आहे. इतका मोठा व्यवहार ज्या समाजात घडला त्या समाजाच्या साहित्यात त्याची नोंद कशी झाली, हे पाहणे समीक्षेचे काम नव्हे असे कोण म्हणेल? प्रस्तुत लेखात आम्ही चार पुस्तकांच्या आधारे हा विचार मांडणार आहोत. त्यांपैकी एक निबंधग्रंथ आहे आणि तीन कादंबऱ्या आहेत. तिन्ही कादंबऱ्यांत शिक्षक आहे, हा योगायोग आमच्यासारख्या शिक्षकाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

आरंभ जोतीराव फुल्यांपासून करणे प्राप्त आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनी १८८३ साली पुरा केला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी तो त्यांच्याकडून वाचवून ऐकला, ही गोष्ट बडोदेकर मराठी वाचकांस अभिमानाची वाटावी अशी आहे. या ग्रंथाची चर्चा बहुधा त्यातील ब्राह्मण्यविरोधाच्या आणि राज्यकर्त्यांवरील टीकेच्या अंगाने होते. ते योग्यच आहे. पण त्याच्या अखेरच्या प्रकरणात शेतीसुधारणेचे जे उपाय जोतीरावांनी सांगितले आहेत, त्यांकडे वाङ्मयाचा अभ्यासक क्वचितच वळतो. सरकारच्या पलटणींत व पोलिसांत जे मनुष्यबळ रिकामे राहते त्याच्याकडून जागोजाग बांध घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्या-नाल्यांस मिळेल. तळी व तलाव यांची दुरुस्ती व्हावी आणि त्यांतला गाळ शेतकऱ्यांस विनामूल्य नेऊ द्यावा. पाणाड्यांकडून गावोगावचे झरे शोधवून त्यांच्या खुणा नकाशांवर नोंदवाव्यात, आणि जो शेतकरी सरकारी मदतीवाचून विहीर खणील त्याला बक्षीस द्यावे. उपायांचा हा ओघ वाचला म्हणजे आपण एखाद्या आधुनिक पाणलोट विकासाच्या आराखड्याची पाने चाळीत आहोत असा भास होतो.

आम्हांस त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांची इरिगेशन खात्यावरील टीका. खडकवासल्याच्या पाण्यावर मुठेचे कालवे त्यावेळी नुकतेच वाहू लागले होते. स्वतः जोतीराव बांधकामाचे मक्ते घेणारे आणि मांजरीस कालव्याच्या पाण्यावर बागाईत करणारे गृहस्थ होते. त्यामुळे कालवा त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला होता. कालव्याची थोरवी गाऊन ते थांबत नाहीत. पाणीपट्टी घेतली जाते, पण शेतकऱ्याला वेळच्या वेळी पाणी पोचते की नाही याची चौकशी कोण करतो, आणि ज्याला जितके हवे तितके मोजून देण्याची सोय का केली जात नाही, असा त्यांचा सवाल आहे. येथे जोतीरावांच्या गद्याची जात ध्यानात घ्यावी. ते गद्य संतापाने तापलेले आहे, पण संताप व्यक्त करून मोकळे होत नाही. तो संताप थेट चारीच्या तोंडापर्यंत जातो आणि तेथे उभा राहून पाणी मोजतो. करुणा आणि हिशेब ही दोन अंगे या गद्यात एकाच देहाची आहेत. आमच्या मते मराठी साहित्यात पुढे या दोहोंची फारकत झाली. करुणा कादंबरीच्या वाट्याला गेली आणि हिशेब सरकारी अहवालांच्या.

आता ‘बनगरवाडी’कडे वळू. १९५५ साली ग्रंथरूपाने आलेली व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी मराठीचे भूषण आहे, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. औंध संस्थानातील माणदेशाच्या एका धनगरवस्तीवर एक कोवळा मास्तर येतो. हळूहळू तो वस्तीचा होतो, लोकांकरवी तालीम बांधून घेतो, तिच्या उद्घाटनास प्रत्यक्ष राजा येतो. आणि त्यानंतर पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, माणसे वाट फुटेल तिकडे जातात आणि वाडी ओस पडते. माडगूळकरांनी हे सारे इतक्या संयमाने सांगितले आहे की शेवटच्या पानांवर एकही शब्द मोठ्याने उच्चारला गेलेला नाही. आम्ही ही कादंबरी वर्गात किती वेळा वाचून दाखविली त्याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी शेवटी वर्ग स्तब्ध झालेला पाहिला आहे.

मात्र अलीकडे ती पुन्हा वाचताना आमचे लक्ष त्या तालमीवर खिळून राहिले. ज्या वस्तीत शाळेस पोरे मिळण्याची मारामार, त्या वस्तीने एकत्र येऊन अंगमेहनतीने एक इमारत उभी केली! म्हणजे सामुदायिक श्रमाची ताकद तेथे होती आणि तिला वळण लावणारा शिकलेला माणूसही होता. ती ताकद एखाद्या ओढ्याच्या बांधाकडे वळावी असे त्या मास्तराच्या, गावाच्या किंवा त्या राजाच्या मनात आले नाही. माणदेशातच म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव ब्रिटिश अमदानीत बांधला गेला होता. तेव्हा अडविलेले पाणी ही त्या मुलखास सर्वस्वी अपरिचित गोष्ट होती असेही नाही. आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो की, हा कादंबरीचा दोष नव्हे. लेखकाने पाहिले ते लिहिले, आणि पाहिले त्याहून अधिक लिहिण्याचा मोह टाळला, यातच त्याचे मोठेपण आहे. त्या तालमीशेजारी त्याने बंधारा बांधून दाखविला असता तर ती प्रचारकथा झाली असती. दोष असलाच तर तो आमच्यासारख्या वाचकांचा आणि शिक्षकांचा आहे. अवर्षण हे दैव आहे आणि त्यापुढे माणसाने वाडी सोडून जावे हेच स्वाभाविक आहे, असा अर्थ आम्ही या कादंबरीतून वर्षानुवर्षे मुलांच्या पदरात टाकीत आलो. पाऊस न पडणे हे दैव असेल; वाडी ओस पडणे हे दैव नव्हे, एवढा फरक सांगण्याचे आमच्याकडून राहून गेले.

हा फरक पुढे लोकांनी आपल्या कृतीने सांगितला. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तिचे नियम थोडके होते. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मापाने द्यावयाचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर भिजेल इतके. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावावयाचा नाही. आणि योजनेच्या भांडवली खर्चाचा पाचवा हिस्सा ज्यांना पाणी मिळणार त्यांनी स्वतः उभा करावयाचा. पुढे १९९३ पासून माणदेशातील आटपाडीस नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरू लागल्या, आणि दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी समन्यायाने मिळावे ही मागणी हजारो कष्टकऱ्यांच्या मुखी झाली. कऱ्हाडजवळ टेंभू येथून अनेक टप्प्यांनी उचललेले पाणी कालांतराने आटपाडीच्या शिवारात आले. ज्या मातीतून ‘बनगरवाडी’ जन्मली त्याच मातीत हे घडले. वाडी सोडून गेलेल्यांची नातवंडे पाण्यासाठी परत येऊन संघटित होतात, याहून मोठा कादंबरीविषय कोणता असू शकेल? तरीही ‘बनगरवाडी’च्या तोडीने या परतीची कथा सांगणारी कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही. आमचे वाचन अपुरे असेल तर कोणी जाणत्याने आम्हांस अवश्य सांगावे. आम्ही आनंदाने आमचे विधान मागे घेऊ.

पाण्याच्या व्यवहारात शिरण्याचे धैर्य ज्या कादंबरीने दाखविले ती विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) होय. येथे शिक्षक आहे तो खैरमोडे गुरुजी. गाव धरणाच्या पाण्याखाली जाते, आणि सरळमार्गी गुरुजी सरकारी शब्दावर विश्वास ठेवून आपल्या माणसांना घेऊन नव्या जमिनीच्या शोधात निघतात. त्यानंतर कचेऱ्या, नकाशे, मोजण्या, नुकसानभरपाईचे कागद आणि लाभक्षेत्रातील जमीनदारांची दंडेली यांचे जे दर्शन घडते ते मराठीत अपूर्व आहे. लेखक स्वतः प्रशासनात वावरलेला असल्यामुळे कागदाचे सामर्थ्य आणि कागदाचे क्रौर्य दोन्ही त्याला नेमके ठाऊक आहे. धरणाच्या खर्चाची बाजू कोणाच्या खाती मांडली जाते, हे या कादंबरीने कायमचे सांगून ठेवले. खर्चाचा हा आकडा कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

परंतु हिशेबाच्या वहीस दोन पाने असतात. नावे टाकलेली रक्कम ‘झाडाझडती’ने दाखविली, जमेच्या पानावर काय आले? धरणातून सुटलेले पाणी कालव्याने, चारीने, पोटचारीने जाता जाता कोणाच्या बांधाशी थांबले? ‘झाडाझडती’ विस्थापितांची कादंबरी आहे, आणि तिने विस्थापितांची साथ सोडली नाही हे तिच्या प्रामाणिकपणास साजेसेच आहे. पण ते दुसरे पान लिहावयास दुसरा कोणी बसला नाही. त्यामुळे वाचकाच्या मनात धरण म्हणजे एक बुडालेले गाव एवढीच प्रतिमा उरली. दुसरीकडे पुढाऱ्यांच्या भाषणांत धरण म्हणजे हिरवेगार शिवार एवढीच प्रतिमा होती. या दोहोंच्या मधली साठ-सत्तर मैल लांबीची कालव्याची वाट, जीवर खरा व्यवहार घडतो, ती साहित्यात निर्मनुष्यच राहिली.

त्या वाटेवर गेल्या तीन दशकांत काय घडले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या १९७६ च्या निवाड्याने महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी आले, आणि त्या निवाड्याचा फेरविचार मे २००० नंतर व्हावयाचा होता. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडविले नाही तर पुढे हक्क दुबळा पडेल या धास्तीने दोन्ही राज्यांत एकच लगबग उडाली. कर्नाटकाने १९९४ मध्ये कृष्णा भाग्य जल निगम स्थापिला. महाराष्ट्राने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ काढले आणि कर्जरोख्यांच्या द्वारे लोकांकडून पैसा उभारला. भांडवल उभे करण्याची ही रीत मुळात वाईट नव्हती. पण एकाच वेळी पुष्कळ कामे हाती घेतली म्हणजे प्रत्येक कामाच्या वाट्यास थोडा थोडा पैसा येतो. धरणाची भिंत उभी राहते आणि कालवा अर्ध्यावर थांबतो. कालवा झाला तर चाऱ्या होत नाहीत. उपसा योजनांचे दुखणे आणखी निराळे आहे. त्यांत पाणी चढविण्यास वीज लागते, विजेचे बिल थकले की पंप बंद पडतात, आणि कोट्यवधींचे नळ उन्हात नुसते तापत राहतात. २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून, दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चूनही सिंचित क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढले, असा गहजब झाला. शासनाने श्वेतपत्रिका काढून आपली बाजू मांडली. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीही झाली. कोणता आकडा खरा, हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या दृष्टीने अर्थपूर्ण गोष्ट ही की, एवढ्या मोठ्या समाजास आपली जमीन किती भिजली या साध्या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर देता आले नाही. जोतीरावांनी १८८३ मध्ये जे मोजावयास सांगितले होते, ते सव्वाशे वर्षांनंतरही मोजलेले नव्हते.

आणि जे पाणी शेतांत पोचले ते कोठे गेले? महाराष्ट्रात ऊस लागवडीखालील क्षेत्राच्या सुमारे चार टक्क्यांवर असतो, आणि सिंचनाच्या पाण्यापैकी दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी तो पितो, असे अभ्यासक सांगतात. निरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फळीपद्धत आखली तेव्हाच उसाला मर्यादित क्षेत्र देऊन पाणी अधिक गावांत पसरावे हा हेतू तीत होता. खानदेशात पांझरेच्या काठी चालत आलेली फड पद्धत तर त्याहूनही जुनी. तेथे बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटून, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावे आणि गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यावे असा शिरस्ता होता. शेजपाळीचा नियमही कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून मुखाकडे पाणी देत यावे असा आहे. म्हणजे न्यायाचे नियम आपल्याला ठाऊक नव्हते असे नाही. मुखाशी बसलेल्याच्या हाती दार असते आणि शेवटच्या टोकाकडील माणसाच्या हाती केवळ अर्ज असतो, एवढाच काय तो प्रश्न आहे.

या विषम वाटपाच्या कोरड्या बाजूस जो माणूस उभा आहे, त्याची कादंबरी म्हणजे सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२). विदर्भाच्या कोरडवाहू शिवारातील एकनाथ हा एम. ए., बी. एड. झालेला तरुण आहे. शिक्षक होण्याची सर्व पात्रता त्याच्या अंगी आहे. नोकरीसाठी जो पैसा मोजावा लागतो तो मात्र घरात नाही, आणि शेती तो पैसा देत नाही. ‘बनगरवाडी’त शिक्षक वस्ती सोडून जातो, ‘झाडाझडती’त शिक्षकाचे गावच जाते, आणि ‘बारोमास’मध्ये शिक्षक व्हावयाचा माणूस शिक्षक होऊच शकत नाही. अर्धशतकाचा हा उतार आम्हांस अंतर्मुख करणारा वाटतो. कोरड्या जमिनीत गुंतविलेले श्रम उगवत नाहीत म्हणून बापाने ते मुलाच्या शिक्षणात गुंतविले, आणि तेथेही ते उगवले नाहीत, ही या कादंबरीची खरी शोकांतिका. १९८४ च्या दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाची मोजणी करून सिंचनाचा ‘अनुशेष’ काढला होता. अनुशेष हा कोशातला एक रुक्ष शब्द. ‘बारोमास’ त्या शब्दाच्या पोटातील घर दाखविते. पण घरातील माणसे मात्र आपल्या दुःखाचा आणि त्या शब्दाचा संबंध जोडू शकत नाहीत. त्यांना सावकार दिसतो, भाव दिसतो, पाऊस दिसतो. दूर कोठे वाटले गेलेले पाणी दिसत नाही. ते दिसू नये अशीच ही व्यवस्था आहे, आणि कादंबरीकाराने ते त्यांच्या नजरेतूनच लिहिले म्हणून ते आपल्यालाही दिसत नाही.

आम्ही सीमाभागात राहतो. आमच्या गावाला कालव्याचे पाणी आहे आणि सभोवार ऊस आहे. दसरा-दिवाळी सरली की बीडकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून तोडणीवाले येतात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपोटी हा कोयता चार-पाच महिने राबतो. गावाबाहेर त्यांच्या कोप्या पडतात आणि त्यांची पोरे, आलीच तर, आमच्या शाळेच्या मागच्या बाकावर येऊन बसतात. ज्यांच्या मुलखात पाणी पोचले नाही, ते जेथे पोचले तेथला ऊस तोडावयास येतात, हा सिंचनाचा जमाखर्च आमच्या दाराशी दरवर्षी मांडला जातो. २०१६ च्या एप्रिलात आमच्या शेजारच्या मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर. त्या गाडीचे फोटो आपण सर्वांनी पाहिले आणि हळहळलो. लातूरच्या परिसरातील साखर कारखान्यांचे स्मरण मात्र त्यावेळी थोड्यांनाच झाले.

याहून अवघड गोष्ट २०२२ च्या अखेरीस घडली. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या काही गावांनी, पाणी मिळत नसेल तर आम्ही कर्नाटकात जातो, अशी भाषा केली, आणि कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी त्या बाजूस सोडले गेले. त्यानंतर म्हैसाळ विस्तारित योजनेच्या हालचालींस वेग आला. आम्ही सीमाभागातील मराठी माणसे १९५६ पासून भाषेच्या नावाने महाराष्ट्राकडे डोळे लावून बसलो आहोत. आणि येथे महाराष्ट्रातील गावे पाण्याच्या नावाने इकडे पाहत होती. ती बातमी वाचली तेव्हा आम्हांस प्रथम राग आला, हे लपविण्यात अर्थ नाही. मग लाज वाटली. भाषेचे प्रेम आम्ही पोटभर पाणी पिऊन करीत आलो होतो. ज्या गावांना ती सोय नव्हती त्यांच्या निष्ठेची परीक्षा घेण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? त्या प्रसंगावर आमच्या बाजूने अग्रलेख निघाले, निषेध झाले; पण त्या गावांतील एका बाईची किंवा एका शेतकऱ्याची बाजू समजावून घेणारी कथा कोणी लिहिली असल्यास ती आमच्यापर्यंत पोचली नाही.

यावर कोणी म्हणेल की, साहित्याने हिशेब तपासण्याचे काम का करावे? त्यासाठी अभियंते आहेत, हिशेब तपासनीस आहेत, वृत्तपत्रे आहेत. आक्षेप खोटा नाही. आकडेवारीने भरलेली कादंबरी कोणी वाचणार नाही आणि वाचूही नये. परंतु पाण्याचा हिशेब म्हणजे केवळ आकडे, ही समजूतच आम्हांस चुकीची वाटते. रात्री दोन वाजता कोणाची पाळी आहे आणि दार कोणी फिरविले. पाटकऱ्याच्या खिशात काय पडले आणि त्याने ते का घेतले. वरच्या शेतकऱ्याने आपल्या सख्ख्या चुलतभावाचे पाणी तोडले आणि सकाळी दोघे एकाच मयताला गेले. विधवेच्या शेतावर पाळी नेहमी काळोखातच का येते. या साऱ्या हिशेबाच्याच नोंदी आहेत, आणि कथाकाराला याहून अधिक ते काय हवे? ‘बनगरवाडी’तील रामोशी ज्याने रंगविला त्या भाषेला पाटकरी रंगविणे अशक्य नाही. उणीव आहे ती दृष्टीची. दुष्काळाचे चित्र काढताना आपण आभाळाकडे पाहतो. कारण आभाळावर फिर्याद करता येत नाही आणि म्हणून ते लिहिणे सोपे जाते. कालव्याकडे पाहिले की ओळखीची माणसे दिसू लागतात.

हा लेख येथेच थांबवावा असे मनात होते. पण ज्या प्रसंगामुळे तो लिहिण्याची बुद्धी झाली तो सांगितल्याशिवाय थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गास आम्ही ‘पाणी’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. गावातल्या मुलांनी शिकविल्याप्रमाणे लिहिले. पाणी हेच जीवन, थेंबे थेंबे तळे साचे, भेगाळलेली धरणी आणि चातक. तोडणीवाल्यांची एक मुलगी त्या हंगामात वर्गात होती. तिने एवढेच लिहिले होते की, आमच्या गावात टँकर चौथ्या दिवशी येतो. घरामागे दोन पिंपे मिळतात. आम्ही घरात सात माणसे आणि दोन बैल. बैलांना एक पिंप लागते, मग उरलेले चार दिवसांस सात माणसांनी. येथे ज्या रानात आई-बापू ऊस तोडतात त्याच्या शेजारी रात्रभर पाट वाहतो. त्याला कोणी राखण नसते.

आम्ही त्या निबंधास दहापैकी चार गुण दिले आणि समासात तांबड्या शाईने लिहिले, ‘निबंधात वर्णन हवे, हिशेब नको.’

फेब्रुवारीच्या अखेरीस पट्टा पडला आणि कोप्या उठल्या. परीक्षेपूर्वीच ती मुलगी गेली. तिची वही शाळेच्या कपाटात राहिली. पुढे एकदा सहज हाती आली तेव्हा तो शेरा आमचा आम्हीच वाचला. जोतीरावांचा ‘असूड’ आम्ही पदवीच्या वर्गापासून वाचीत आलो होतो, त्यावर भाषणेही केली होती. आणि त्याच जातीचे गद्य एका मुलीच्या हातून उतरले तेव्हा ते आम्हांस ओळखता आले नाही. आमच्या वाङ्मयीन अभिरुचीने ते नापास केले. मराठी साहित्यात पाण्याच्या हिशेबाला जागा का मिळाली नाही, याचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांस फार दूर जावे लागले नाही. ते आमच्याच हस्ताक्षरात होते.

तो शेरा खोडून आता उपयोग नाही. आमच्या लेखक मित्रांना आणि विशेषतः शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे की, पुढल्या वर्षी वर्गात ‘बनगरवाडी’ वाचून झाली आणि मुले स्तब्ध झाली म्हणजे पुस्तक मिटून टाकू नये. त्या वाडीवरच्या ओढ्याचे पाणी कोठे जात होते, आणि ते अडविले असते तर कोणाच्या वाट्यास किती आले असते, एवढा प्रश्न विचारावा आणि मुलांना उत्तर आकड्यांत लिहू द्यावे.